चौकशीबाई आणि घड्याळजींची हरवलेली चार प्रकरणं

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत तिने एकतीस वर्षं काढली. काचेच्या मधोमध बशीएवढं गोल भोक, पलीकडे घाईतली माणसं आणि अलीकडे ती. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, उशीर असेल तर किती, हे सांगता सांगता तिचं खरं नाव तिच्या स्वतःच्याच कानांना परकं झालं होतं. सगळे तिला चौकशीबाई म्हणत. शेजारीपाजारी म्हणत, भाजीवाला म्हणे, आणि लहर आली की नवराही म्हणे. नवरा त्याच स्थानकावर ड्रायव्हर होता. बायकोने सांगितलेल्या वेळेवर आपली गाडी पोचवणं हे एकच काम मला आयुष्यभर होतं, असं तो सांगत असे.

खिडकीत बसून एक गोष्ट तिला पक्की कळली होती. माणसाला जे विचारायचं असतं ते तो कधीच पहिल्या फटक्यात विचारत नाही. आठची गाडी गेली का, असं विचारणाऱ्याला आठच्या गाडीचं काही पडलेलं नसतं. त्याला जेवायच्या वेळेआधी बहिणीच्या घरी पोचायचं असतं. म्हणून उत्तर देण्याआधी ती दोन उलटे प्रश्न विचारायची. मागे रांग कुरकुरायची, पण पुढचा माणूस बरोबर गाडीत बसायचा.

निवृत्तीला वर्ष राहिलं आणि स्थानकात बोट लावून चालणारा मोठा पडदा बसवला गेला. साहेबांनी बोलावून सांगितलं की खिडकी आता बंद होईल. तुम्ही तेवढे महिने पडद्याशेजारी उभ्या राहा आणि तो कसा वापरायचा ते लोकांना शिकवा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिने पिशवी आपटली आणि म्हणाली की आता माझ्या सवतीला मीच नटवायचं, वर लोकांना तिचं कौतुकही सांगायचं.

"सवत दिसायला बरी असेल तर ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?" ड्रायव्हर म्हणाला, आणि तिला हसू आवरेना.

ओळख झाली ती अशी. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पडद्यावर पाच-सहा वेळा बोट दाबून मशीन मेलंय म्हणून दहा मिनिटं तणतणत होते. पडद्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भाषा निवडा'. तिने ते नुसतं मोठ्याने वाचलं. गृहस्थांनी भाषा निवडली आणि ते गाडीला गेले. त्या दिवसापासून ती बघत राहिली. लोक पडद्यावरचं वाचतच नाहीत. एकदा दाबून काही झालं नाही की पाचदा दाबतात, मग मशीन बिचारं पाचही हुकूम एकामागून एक पाळत बसतं आणि लोकांना वाटतं अडकलं. महिन्याभरात तिचं त्या सवतीशी चांगलंच जमलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून कॉम्प्युटर दिला, तेव्हा घड्याळ किंवा शाल न देता हेच का, असं तिला विचारावंसंही वाटलं नाही.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर बसला. ड्रायव्हर उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवू लागला.

पहिल्या आठवड्यातच घोळ झाला. ती बहिणीला पत्र लिहीत होती. मधला एक शब्द राहिला म्हणून मागे जाऊन तो घालायला गेली, तर नवीन अक्षर टाइप केलं की पुढचं एक अक्षर गायब. शब्द घालावा तर वाक्य खाल्लं जायचं. ड्रायव्हरने बसचा अनुभव सांगितला की बंद करून पुन्हा चालू कर. केलं, आणि सुंठीवाचून खोकला गेला. पण दुसऱ्या दिवशी खोकला परत. आता मात्र तिने बंद केलं नाही. एक जुनी वही काढली आणि हे व्हायच्या आधी आपण काय काय केलं ते क्रमाने लिहून काढलं. तिसऱ्या खेपेला चोर सापडला. अक्षर खोडायच्या बटणाला खेटून उजवीकडे 'इन्सर्ट' नावाचं एक बटण होतं. घाईत खोडायला गेलं की बोट त्यावर पडायचं आणि अक्षरं एकमेकांना गिळायला लागायची. पुन्हा एकदा ते दाबलं की सगळं जिथल्या तिथे. पहिला पगार झाला त्या दिवशीसुद्धा तिला इतका आनंद झाला नव्हता. तिने वहीत लिहिलं, 'अक्षर अक्षराला खातंय – घाबरू नये, इन्सर्ट.'

ती वही इमारतीत कशी गाजली याचं श्रेय वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना द्यायला हवं. मास्तरांच्या कॉम्प्युटरचा पडदा एके दिवशी आडवा झाला, म्हणजे त्यावरचं चित्र कुशीवर झोपलं. एकदम तीन-चार बटणं दाबली गेल्यावर असं होतं. मास्तर स्वाभिमानी, त्यांनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी मॉनिटरच उचलून आडवा ठेवला, तो पडू नये म्हणून खाली दोन शब्दकोश लावले आणि दोन दिवस काम केलं. चौकशीबाई वर्तमानपत्र परत द्यायला गेली तेव्हा तिने हे दृश्य पाहिलं. हसू दाबून तिने त्यांना सेटिंगमध्ये जायला लावलं, तिथे दिशा बदलायची सोय असते ती दाखवली, आणि शब्दकोश कपाटात परत गेले. मास्तरांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगितली, आणि मग लोक येऊ लागले.

तळमजल्यावरची नर्स आली, कारण तिचा पासवर्ड बरोबर असूनही चालेना. कॅप्स लॉकचा बारीक दिवा पेटलेला होता. केस कापणारा आला. त्याच्या पडद्यावर लाल पाटी झळकत होती की तुमच्या कॉम्प्युटरला विषाणू लागला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. त्याने निम्मा नंबर फिरवलाही होता. तिने त्याला फोन खाली ठेवायला लावला आणि इंटरनेटची ती खिडकी बंद करायला लावली. बंद होईना तेव्हा कॉम्प्युटरच बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. पाटी गेली. खरा विषाणू स्वतःचा फोन नंबर देत नाही, असं तिने सांगितलं, आणि ते वाक्य पुढे त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानात सोडलं.

तिचे दोन नियम होते. दुसऱ्याच्या माऊसला ती हात लावत नसे. हात मांडीवर ठेवून नुसती शेजारी बसायची आणि तोंडाने सांगायची, कारण मी केलं तर मला येईल, तुम्हाला कसं येणार. आणि कोणी पासवर्ड टाइप करू लागलं की ती खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायची. कोणी मोठ्याने उच्चारू लागलं तर कानांवर हात ठेवायची. यात ती इतकी कडक होती की एकदा ड्रायव्हरचाच पासवर्ड तिने ऐकायचं नाकारलं. खरं तर तो त्यांच्या लग्नाचा दिवस होता आणि त्याला ते तिला सांगायचंच होतं.

इमारतीत फक्त एक माणूस तिच्याकडे फिरकत नसे, ते म्हणजे घड्याळजी. वय चौऱ्याहत्तर. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरू लागले तसं त्यांनी काम थांबवलं होतं, पण दुकान झाडून-पुसून तसंच ठेवलं होतं. सत्तेचाळीस वर्षांत हातांना जे कळलं ते लिहून ठेवायचं म्हणून ते पुस्तक लिहीत होते. दुसऱ्या शहरात राहणारी त्यांची भाची त्यातल्या चुका सुधारून द्यायची. चौकशीबाईबद्दल त्यांचं मत साऱ्या जिन्याला ठाऊक होतं. दुरुस्ती करायची तर मागचं झाकण उघडावं लागतं, ते म्हणत, शेजारी बसून गप्पा मारल्याने कुठलंही यंत्र सुधारत नाही.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ड्रायव्हर गच्चीवरच्या कुंड्यांसाठी माती घेऊन जिना चढत होता. समोरून घड्याळजी उतरत होते. चेहरा पांढराफटक, हातांत चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, आणि प्रत्येक पायरीवर तोल जायच्या बेतात. ड्रायव्हरने माती तिथेच टेकवली आणि ओझं स्वतःच्या हातांत घेतलं. कुठे न्यायचंय विचारलं तर घड्याळजी म्हणाले, बाजारातल्या दुकानात, इंजिनिअरकडे. पुस्तकाची चार प्रकरणं नाहीशी झाली होती. तीन महिन्यांचं लिखाण. इंजिनिअर फोनवर म्हणाला होता की मशीन आणून टाका, सगळं पुसून पुन्हा भरावं लागेल बहुतेक.

ड्रायव्हर बरं म्हणाला, दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला आणि सरळ स्वतःच्या घरात शिरला.

"हा रस्ता बाजाराचा नाही," घड्याळजी मागून म्हणाले.

"गाडी मधे एक थांबा घेते," ड्रायव्हर म्हणाला. "दहा मिनिटांचा. चहा घ्या."

चौकशीबाईने चादर सोडून कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, पण तारा जोडल्या नाहीत. घड्याळजींना बसवलं, चहा दिला, समोर खुर्ची ओढली. इंजिनिअरचं 'सगळं पुसून' ऐकूनही तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. घड्याळजींना मात्र तिचं हे शांत बसणं सहन होईना. आधी यंत्र उघडून तर बघा, म्हणून ते कुरकुरले. झाकण नंतर उघडू, आधी तुम्ही सांगा, ती म्हणाली.

"काल सकाळी लिहायला बसलात, तेव्हा फाइल कुठून उघडलीत?"

"रोज उघडतो तिथून."

"रोज कुठून उघडता?"

घड्याळजींनी डोळे मिटले. एखादं घड्याळ मनातल्या मनात सुटं करावं तसे ते एकेक पायरी सांगू लागले. लिहायचा प्रोग्रॅम सुरू करायचा. बाजूला आधी उघडलेल्या फाइलींची यादी येते. त्यातल्या सगळ्यात वरच्या नावावर टिचकी मारायची. काल दुपारी मशीन हळू चालतंय म्हणून इंजिनिअर घरी आला होता, त्याने साफसफाईचा काहीतरी प्रोग्रॅम चालवला. आज सकाळी बघतात तो ती यादी कोरी. मग कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर समोर दिसते त्या पुस्तकाच्या फाइलवर टिचकी मारली, तर पुस्तक सातव्या प्रकरणालाच संपलेलं.

"या तीन महिन्यांत ती समोरची फाइल तुम्ही एकदा तरी उघडली होती?"

त्यांनी महिने बोटांवर मोजले. नाही, म्हणाले. गरजच पडली नव्हती.

"मग यादीतली ती वरची फाइल पहिल्यांदा आली कुठून?"

घड्याळजींनी कप खाली ठेवला. सातव्या प्रकरणापर्यंतचं सुधारून भाचीने मेलने पाठवलं होतं. त्यांनी मेलमधूनच ते उघडलं आणि त्याच्यापुढे आठवं प्रकरण लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते यादीत सगळ्यात वर होतं.

चौकशीबाईला कळायचं ते कळलं. मेलमधून घेतलेली फाइल समोरच्या फाइलीवर जाऊन बसत नाही. तिची वेगळी प्रत तयार होते आणि ती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जाते. घड्याळजी तीन महिने त्या प्रतीत लिहीत होते, आणि तिथपर्यंत जायची त्यांची एकुलती एक वाट होती ती यादी. यादी पुसली गेली तशी वाट बुजली; घर मात्र जागेवर असायला हवं होतं. असायला हवं, एवढंच. साफसफाईच्या त्या प्रोग्रॅमने डाउनलोड्सचं फोल्डरही रिकामं केलं असेल तर मग गोष्ट वेगळी होती. म्हणून तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. उगाच आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, हे तिला खिडकीतही कधी जमलं नव्हतं.

तारा जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. माऊस तिने घड्याळजींच्याच हाती दिला. हात थरथरत होता, टिचकी भलतीकडे पडत होती. तिने आतून एक टॉवेल आणला, त्याची घडी करून त्यांच्या मनगटाखाली ठेवली, आणि हात स्थिर झाला. मग ती सांगत गेली, ते करत गेले. डाउनलोड्स उघडा. उघडलं. शेकडो नावं खाली घरंगळत आली. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, जुन्या घड्याळांचे फोटो. फोल्डर रिकामं नव्हतं. आता वर 'तारीख' लिहिलंय, तिथे एकदा टिचकी मारा. एकदाच. नावं हलली, नव्याने रांगेत उभी राहिली.

सगळ्यात वर पुस्तकाचं नाव होतं. नावाच्या शेपटीला कंसात दोनचा आकडा. तारीख कालची, वेळ सकाळी अकरा चाळीस.

घड्याळजींनी माऊसवरचा हात काढला. तुम्हीच उघडा, माझ्याच्याने होणार नाही, ते म्हणाले. तिने मान हलवली आणि हात मांडीवरच ठेवले. पुस्तक तुमचं आहे, ती म्हणाली.

त्यांनी उघडलं. आठवं प्रकरण आलं, नववं आलं, दहावं आलं. पान खाली सरकत सरकत अकराव्याच्या शेवटाला जाऊन थांबलं. शेवटचं वाक्य अर्धवट होतं, कारण काल तिथेच भूक लागून ते जेवायला उठले होते. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. 'मोठ्या घड्याळाची स्प्रिंग सोडवताना कधीही घाई करू नये, कारण'. आणि मग ते हसायला लागले. आधी खांद्यांनी, मग आवाजाने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ड्रायव्हर जिन्यातली माती आणायला निघाला होता, तो दारातून मागे फिरला आणि काय झालं ते न कळताच तोही हसू लागला.

"काखेत कळसा," घड्याळजी डोळे पुसत म्हणाले, "आणि मी निघालो होतो गावाला वळसा घालायला. चादरीत गुंडाळून."

लगेच भाचीला फोन झाला. तिने सकाळीच रजा टाकली होती आणि बॅग भरायला घेतली होती. मामा 'सापडलं, सापडलं' एवढंच म्हणत राहिले, तेव्हा चौकशीबाईने फोन घेऊन नीट सांगितलं. सगळं ऐकून भाचीने विचारलं की तरीही मी आले तर चालेल का, बॅग निम्मी भरूनच झाली आहे.

त्या दुपारी चौकशीबाईने घड्याळजींना सोडलं नाही. सापडलेली फाइल उचलून तिच्या जागी ठेवायला लावली, नावात तारीख घालायला लावली, जुन्या फाइलीचं नाव बदलून 'जुनी, सातपर्यंत' करायला लावलं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भाचीला मेलने. तीन-तीन ठिकाणी कशाला, असं विचारतील म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं, पण घड्याळजींनी विचारलं नाही. दुकानात बारीक स्क्रू मी तीन वेगळ्या डब्यांत ठेवायचो, ते म्हणाले, एक डबा सांडला की बाकीचे दोन असतात. त्यांना कोणी इतक्या सोप्या भाषेत कॉम्प्युटर कधी सांगितला नव्हता. मजा म्हणजे ते आता स्वतःच तो स्वतःला सांगत होते.

भाची आली, चार दिवस राहिली, आणि जाताना एक कल्पना सोडून गेली. मामांचं दुकान नुसतं बंद पडलंय. तिथे उजेड चांगला आहे, लांबलचक टेबल आहे, स्टुलं आहेत. आठवड्यातून एक दिवस चौकशीबाईंनी तिथे बसावं, ज्याला अडलं त्याने यावं. घड्याळजींनी त्याच संध्याकाळी शटरला तेल घातलं. पाटी त्यांनी स्वतः लिहिली, थरथरत्या अक्षरांत: 'कॉम्प्युटर अडला? गुरुवारी चार वाजता.' फक्त चार कधी वाजतात यावर पहिले काही गुरुवार वाद झाला, कारण भिंतीवर चौदा घड्याळं होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. घड्याळजी म्हणाले की ही गिऱ्हाइकांची न नेलेली घड्याळं आहेत, मी त्यांची मनं दुखवणार नाही.

पुस्तक त्या वर्षाअखेर पुरं झालं. छापून आलेली पहिली प्रत घड्याळजींनी तिच्या टेबलावर आणून ठेवली. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण अकराव्या प्रकरणातलं ते स्प्रिंगचं वाक्य तिने शोधून काढलं आणि 'कारण'च्या पुढे काय आहे ते शेवटी वाचलं. कारण ती बरीच वर्षं सुटायची वाट बघत असते, असं तिथे लिहिलं होतं.

गुरुवार अजून चालू आहेत. कधी चार माणसं येतात, कधी बारा. घड्याळजी दारात बसून नव्या माणसाला पाणी देतात आणि नर्स ड्यूटी नसेल तेव्हा प्रिंटर सांभाळते.

मागच्या महिन्यात कपडे इस्त्री करणाऱ्या एक आजीबाई आल्या. त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. जाता-येता काचेतून दिसत होतं, म्हणून आत आल्या. काय हवंय विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, माझं नाव यात येतं का बघायचं होतं. चौकशीबाईने त्यांना स्टुलावर बसवलं. एकेक अक्षर शोधत, चिमटीत बटण धरावं तशी बोटं ठेवत, त्यांनी सात मिनिटांत नाव लिहिलं. मग अक्षर मोठं कसं करायचं ते कळलं आणि त्या थांबेचनात. नाव वाढत गेलं, पडद्याच्या कडेला टेकलं, बाहेर जायला लागलं.

"अजून मोठं होतं का?" त्यांनी विचारलं.

होतं, चौकशीबाई म्हणाली. नर्सने प्रिंटरमध्ये कागद भरले. एका कागदावर एकच अक्षर मावलं, त्यामुळे त्यांच्या नावाला चार कागद लागले. मास्तरांनी आणि ड्रायव्हरने ते टेबलावर ओळीने जोडून धरले, आणि आजीबाई दोन पावलं मागे जाऊन, मान जराशी तिरपी करून, ते वाचत राहिल्या.